हातचा

वर एकोणीस मुलं. खाली मी आणि दोन यंत्रं,
एक धुतं, एक वाळवतं.
आधी खिसे उलटायचे, हा नियम माझा,
ज्या दिवशी एक गोगलगाय साठ अंशांच्या पाण्यात फिरली
आणि रावना आठवडाभर माझ्याशी बोलली नाही
त्या दिवसापासूनचा.

सुलरूनच्या खिशात वाकडे खिळे चार.
सरळ एकही नाही, सरळ होते ते लाकडात गेले.
वर बाकावर तिची एक फळी आहे, ती तिला बोट म्हणते,
खिळ्यांना प्रवासी.
एइलिफच्या खिशात शिंपला, शिंपल्यात वाळू,
आणि एक कागद, लगदा झालेला,
ज्यावर नक्की काहीतरी महत्त्वाचं होतं.

तार्येच्या खिशात पाणी.
ओलावा नाही म्हणत मी, पाणी. उलटं केलं की सांडायचं,
माझ्या चपलांवर, रोज, तीन आठवडे.

मग एकदा खिडकीतून पाहिलं.
तळघराची खिडकी जमिनीलगत, मला दिसतात ते बूटच.
पिवळे बूट पिंपापासून खडकापर्यंत,
खडकावरच्या लाकडी घरापर्यंत,
मधे पन्हळीचे तीन तुकडे, विटा, एक उलटी बादली.
त्याला पाणी वर न्यायचं होतं. घरात सूप शिजत होतं ना.
पाणी ओतायचा, पाणी परत यायचं.
वीट हलवायचा. परत यायचं.
मग खिशात भरून धावायचा, आणि पोचेपर्यंत
खिसा आपलं काम करून मोकळा.

वळणाचं पाणी वळणावर जाणार
हे मला माहीत, तुम्हाला माहीत,
तार्येला कुणी सांगितलं नव्हतं.
नवा शिक्षक होवार सांगायला निघालाच होता,
त्याचे बूट दोन पावलं पुढे आले.
यूरुन्नबाईंचे बूट हलले नाहीत.
त्या पायरीवर बसलेल्या, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
सत्तावीस वर्षं झाली, म्हणतात त्या,
अजून हात आपणहून पुढे जातात,
म्हणून त्यांच्यावर बसते.

आमच्या शाळेत हात बाकावर ठेवायचे असत,
पालथे, मग उताणे.
नखं बघायचे. मळ दिसला की पट्टी.
माझ्या नखांत काय होतं ते
कुणी विचारलं नाही. कोळंबीची सालं. आई सोलायची, मीही.
एका तासात किती सोलता येतात
ते मला गणिताच्या आधी येत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी पिंप गोठलं.
पिवळे बूट आले, थांबले. बराच वेळ थांबले.
मग ठोकण्याचा आवाज, सुलरूनची हातोडी असावी,
आणि मग दोन्ही हातांत धरलेली
ताटाएवढी पाण्याची चकती
खडक चढून गेली. वर. चढणीनं.
एक थेंबही परत फिरला नाही.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
होवार म्हणाला, हे मला सुचलं नसतं,
आणि तेही हळू, स्वतःशी.
घरातल्या पातेल्यात जेवणापर्यंत ती वितळली.
सूप झालं, गारढोण. सगळ्यांना मिळालं.

संध्याकाळी खिसा उलटला.
पाणी नव्हतं. बर्चचं एक पान होतं,
बर्फात अडकलेलं असणार, पिवळं, अगदी शाबूत.
बेरजेत एक उरायचा, तो आम्ही
हातचा म्हणून डोक्यात धरून पुढे न्यायचो,
आणि मी दरवेळी विसरायचे.

पान फळीवरच्या बरणीत टाकलं,
खिळ्यांशेजारी. उद्या तो मागेल, किंवा नाही मागणार.
यंत्राला चाळीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात मी वर जाऊन आले, अंधारातच.
पिंपाला परत साय धरली होती.
बोटानं दाबलं.
वाकली, पण तुटली नाही.
अजून जरा दाबलं.